विजारीच्या मापाचा धडा

व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध शिक्षकांना समजावून सांगताना आम्ही बरीच वर्षे एकच गोष्ट सांगत आलो आहोत. ती आहे लंडनच्या दुमजली बसची. ड्रायव्हर दिवसभर आपल्या जागेवर बसून असतो. कंडक्टर तिकिटे देत दिवसभर जिना चढतो आणि उतरतो. दोघेही एकाच कंपनीचे नोकर, एकाच थरातले, एकाच शहरात राहणारे. तरी ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त आणि कंडक्टरांना कमी. तात्पर्य, हालचाल करा आणि हृदय सांभाळा. गोष्ट सोपी आहे, चटकन पटते आणि फळ्यावर दोन चित्रांत मावते.

मागे एका शिबिरात ही गोष्ट सांगून झाल्यावर एक शिक्षिका भेटायला आल्या. वर्गात लावायला या गोष्टीचा तक्ता करावा असे त्यांच्या मनात होते, पण एक अडचण होती. त्या म्हणाल्या, "सर, माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील एस.टी.त कंडक्टर होते. गेल्या वर्षी झटका येऊन गेले. त्या मुलासमोर हा तक्ता मी कसा लावू?" आणि जाता जाता त्यांनी आणखी एक प्रश्न टाकला. "शिवाय कोणी ड्रायव्हर व्हायचे आणि कोणी कंडक्टर, हे काय चिठ्ठ्या टाकून ठरते?"

पहिल्या प्रश्नाला त्या वेळी आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याचे उत्तर मूळ संशोधकांनीच देऊन ठेवलेले आहे. आम्ही मात्र गोष्ट तिथवर नेतच नव्हतो. ती अर्धवट सांगितल्याने काय बिघडते आणि पूर्ण सांगितल्याने काय साधते, हे पाहण्यासाठी त्या संशोधनाकडे पुन्हा एकदा टीकाकाराच्या नजरेने पाहायचे आम्ही ठरवले. आहार आणि राहणीमान यांविषयी रोज काही ना काही नवे छापून येते. ते कसे वाचावे याचा वस्तुपाठ म्हणूनही ही कहाणी उपयोगी पडावी.

मूळ लेखात काय आहे?

जेरी मॉरिस हे ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या सामाजिक वैद्यक विभागाचे प्रमुख होते. हा विभाग १९४८ साली सुरू झाला. हृदयविकार हा त्या काळी ब्रिटनमध्ये झपाट्याने वाढणारा रोग होता. मॉरिस यांनी प्रथम लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातील १९०७ ते १९४९ या काळातील शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या आतल्या भिंतीवर मेदाचे थर साचतात. या थरांचे प्रमाण त्या चाळीस वर्षांत वाढलेले दिसत नव्हते. हृदयविकाराच्या झटक्याच्या खुणा मात्र पुष्कळ वाढल्या होत्या. हे निष्कर्ष १९५१ साली प्रसिद्ध झाले. थर पूर्वीइतकेच आणि झटके मात्र जास्त, याचा अर्थ लोकांच्या जगण्यात काहीतरी बदलले असावे असा तर्क निघत होता. काय बदलले ते शोधण्यासाठी वेगवेगळ्या धंद्यांतील माणसांची तुलना करायचे त्यांनी ठरवले.

'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात नोव्हेंबर १९५३ मध्ये दोन भागांत आलेला लेख हे त्या तुलनेचे फळ. मॉरिस यांच्याबरोबर हेडी, रॅफल, रॉबर्ट्स आणि पार्क्स हे सहलेखक होते. लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या १९४९ व १९५० या दोन वर्षांतील आजारपणाच्या आणि मृत्यूच्या नोंदी त्यांनी घेतल्या. ड्रायव्हर कामाच्या वेळेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वेळ बसून असत. कंडक्टर एका पाळीत ५०० ते ७५० पायऱ्या चढत-उतरत. मुंबईकर वाचकांना बेस्टच्या जुन्या दुमजली बसमधला वळणाचा अरुंद जिना आठवत असेल. २०२३ साली त्या डिझेल बस रस्त्यावरून गेल्या, पण त्या जिन्यावर तोल सांभाळत तिकिटे देणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

वयातील फरकाची वजावट केल्यावर हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांत वर्षाला दर हजारी २.७ आणि कंडक्टरांत १.९ निघाले. शिवाय कंडक्टरांत रोग उशिरा दिसे आणि तुलनेने सौम्य असे. पहिल्या तीन महिन्यांत दगावणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात साधारण निम्मे होते. लेखकांनी टपाल खात्यातही हीच तुलना करून पाहिली. पायी किंवा सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन एका बाजूला आणि बसून काम करणारे कारकून व टेलिफोन ऑपरेटर दुसऱ्या बाजूला. तिथेही चित्र तेच दिसले.

या लेखाचे मोठेपण आम्ही मुळीच कमी लेखत नाही. त्यापूर्वी हृदयविकार झालेल्याला अंथरुणात पडून राहायला सांगत. हालचालीने हृदय सांभाळले जाते हा विचारच बहुतेक डॉक्टरांना नवा होता. हजारो माणसांच्या कोरड्या नोंदींतून असा प्रश्न उभा करणे आणि तो एकाच धंद्यावर न सोडता दुसऱ्या धंद्यात ताडून पाहणे, हे उत्तम विज्ञान होते.

आकड्यांचा अर्थ

आता आमच्या भाषणातली पहिली चूक. आम्ही "ड्रायव्हरांना जास्त, कंडक्टरांना कमी" एवढेच सांगत असू. किती जास्त आणि किती कमी, हे सांगत नसू. २.७ आणि १.९ हे आकडे दोन प्रकारे मांडता येतात. "कंडक्टरांना धोका तीस टक्क्यांनी कमी" हा एक प्रकार, आणि तो बरोबर आहे. "दहा हजार ड्रायव्हरांपैकी वर्षाला २७ जणांना आणि दहा हजार कंडक्टरांपैकी १९ जणांना हा विकार झाला" हा दुसरा, आणि तोही तितकाच बरोबर आहे. पण दोन्ही वाक्ये ऐकणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम किती निराळा!

वय ३५ ते ६४ म्हणजे तीस वर्षांची नोकरी धरून ढोबळ हिशेब करू. २७ गुणिले ३० म्हणजे ८१०, आणि १९ गुणिले ३० म्हणजे ५७०. म्हणजे नोकरीच्या काळात शंभर ड्रायव्हरांपैकी साधारण आठ आणि शंभर कंडक्टरांपैकी साधारण सहा. हजारो माणसांचा विचार करणाऱ्या आरोग्य खात्याच्या दृष्टीने शंभरात दोन हा फरक फार मोठा आहे. पण एकेका माणसाचे पाहिले तर बसून राहणाऱ्या शंभरांपैकी ९२ जण सुटले, आणि जिना चढणाऱ्या शंभरांपैकी सहा जण सापडलेच. वर्गात हा गुणाकार सातवी-आठवीच्या मुलांकडून करवून घेता येतो. "जिना चढणाऱ्याला हृदयविकार होत नाही" असे मूळ लेखात कुठेही म्हटलेले नाही. तसे ऐकू येण्याजोगे बोलत होतो ते आम्ही.

ड्रायव्हर कोण होतो?

दुसरी चूक अधिक खोल आहे. ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्यात फक्त जिन्याचाच फरक होता, हे आम्ही गृहीत धरून चाललो होतो. खरे तर फरक अनेक असू शकतात. लंडनच्या रहदारीतून बस हाकणाऱ्याच्या मनावर सतत ताण असतो. प्रवाशांशी बोलत फिरणाऱ्याचा ताण निराळा. मूळ लेखातील प्रमाणे वयानुसार जुळवलेली होती. धूम्रपान, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांनुसार जुळवलेली नव्हती. आणि त्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न तर सगळ्यांत महत्त्वाचा. मुळातच अंगाने जड असलेली माणसे बसून करायच्या कामाकडे वळत असली आणि चपळ माणसे कंडक्टरकी घेत असली, तर आजारातला फरक नोकरीच्या पहिल्या दिवशीच ठरून गेलेला असणार. मग जिन्याला श्रेय कशाचे द्यायचे?

ही शंका कागदावर तपासून पाहू. पुढचे आकडे आम्ही केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. समजा, जिन्याचा हृदयावर काडीचाही परिणाम होत नाही. शंभर स्थूल माणसांत दहांना आणि शंभर सडपातळ माणसांत पाचांना हा विकार होतो. मग त्यांचे काम कोणतेही असो. आता शंभर ड्रायव्हरांत ६० स्थूल आणि ४० सडपातळ आहेत असे धरा. स्थूलांपैकी ६ आणि सडपातळांपैकी २ मिळून ८ रुग्ण होतील. शंभर कंडक्टरांत २० स्थूल आणि ८० सडपातळ धरा. तिथे २ आणि ४ मिळून ६ रुग्ण होतील. म्हणजे पुन्हा आठ आणि सहाच! जिन्याने काहीही न करता, केवळ भरतीच्या वेळच्या निवडीमुळे लंडनसारखेच आकडे तयार झाले. हे गणित वर्गात स्वतः करून पाहिलेला विद्यार्थी "अमुक करणाऱ्यांना तमुक रोग कमी" ही बातमी पुन्हा कधी डोळे मिटून वाचणार नाही.

आमच्या गोष्टीतून गळलेला भाग येथून सुरू होतो. हीच शंका मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही होती. तिचा निकाल लावायचा तर नोकरीत शिरताना माणसे कशी होती हे कळायला हवे. तेव्हाची वजने आता कुठून आणणार? त्यांनी शोधून काढलेला मार्ग आम्हाला फार आवडतो. कर्मचाऱ्यांना गणवेश कंपनी पुरवीत असे, आणि कोणाला कोणत्या मापाचा गणवेश दिला याच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. त्या वह्यांमधून त्यांनी विजारींच्या कमरेची मापे काढली. १९५६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी त्याला 'गणवेशांचे रोगपरिस्थितिशास्त्र' म्हटले आहे. निष्कर्ष असा निघाला की प्रत्येक वयोगटात ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी होती, आणि कोवळ्या वयात नुकतेच नोकरीला लागलेलेही याला अपवाद नव्हते. बसून बसून ड्रायव्हर जाड झाले असतील, पण निदान काही अंशी ते आधीपासूनच तसे होते.

जरा विचार करा. ज्या शोधाने आपले नाव झाले, त्याच शोधाचा पाया खणणारा पुरावा तीन वर्षांत स्वतःच शोधून काढायचा आणि त्याच साप्ताहिकात छापायचा! आमच्या मते या संशोधनातला सर्वांत शिकवण्याजोगा क्षण १९५३ मधला नाही, १९५६ मधला आहे. आणि नेमका तोच आम्ही वगळत होतो, कारण त्याने गोष्टीचे तात्पर्य डळमळीत होते.

मग उरले काय?

ते तिथे थांबले नाहीत. १९६१ साली या गटाने बस कर्मचाऱ्यांचे सडपातळ, मध्यम आणि स्थूल असे गट पाडले आणि प्रत्येक गटात ड्रायव्हर व कंडक्टर यांची तुलना केली. विजारीचे माप सारखे असलेल्यांतही अचानक मृत्यूचे प्रमाण ड्रायव्हरांत जास्त होते. म्हणजे आपल्या कल्पित उदाहरणाप्रमाणे सगळा फरक अंगयष्टीचा नव्हता. अंगयष्टीची वजावट केल्यावरही काहीतरी उरत होते. पण उरलेले ते सगळे जिन्याचेच, असेही म्हणता येत नव्हते. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ६६७ बस कर्मचाऱ्यांच्या पाहणीत ड्रायव्हरांचा रक्तदाब आणि रक्तातील कोलेस्टेरॉल कंडक्टरांपेक्षा जास्त आढळले. व्यायामाच्या अभावाने ते वाढले, ताणाने वाढले की ते आधीच जास्त होते? वह्यांमधून याचे पूर्ण उत्तर मिळणे शक्य नव्हते.

नोकरीच्या निवडीचा अडसर दूर करण्यासाठी या गटाने पुढे सगळेच बैठे काम करणारे लोक घेतले. ४० ते ६४ वयाच्या १६,८८२ सरकारी अधिकाऱ्यांनी आपल्या एका शुक्रवारचा आणि शनिवारचा तपशील पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने लिहून दिला. खुर्ची सगळ्यांची सारखीच होती. फरक होता तो फावल्या वेळचा. १९७३ च्या लेखानुसार, पुढे ज्यांना हृदयविकार झाला त्यांच्यापैकी ११ टक्के लोकांनी त्या दोन दिवसांत दमवणारा व्यायाम केल्याचे लिहिले होते. त्यांच्याशी जुळणाऱ्या निरोगी सहकाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. पुरावा बळकट झाला. तरी एक फट राहिलीच. छातीत बारीकशी कळ येऊ लागलेला माणूस आपण होऊन पळणे-पोहणे सोडतो. मग व्यायाम नाही म्हणून रोग, की रोगाची चाहूल लागली म्हणून व्यायाम नाही? गाडी आणि बैल यांपैकी पुढे कोण, हे दर वेळी तपासावे लागते.

आहाराच्या बाबतीत काय?

आहाराच्या बाबतीत हाच घोळ अधिक वाढतो. त्याचे उत्तम उदाहरणही याच गटाने दिले आहे. १९५६ ते १९६६ या काळात लंडन आणि आसपासच्या ३३७ निरोगी, मध्यमवयीन पुरुषांनी आठवडाभर आपले अन्न घासाघासाने तोलून नोंदवले. १९७६ अखेर त्यांतील ४५ जणांना हृदयविकार झाला. १९७७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चक्रावून टाकणारा होता. जे जास्त उष्मांक खात होते त्यांना विकार कमी झाला होता!

एखाद्या वर्तमानपत्राने "भरपूर खा, हृदय सांभाळा" असा मथळा दिला असता तर आकड्यांच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता आला नसता. मॉरिस यांनी लावलेला अर्थ असा की जास्त खाणारे हे बहुधा जास्त हालचाल करणारे होते. खाणे ही केवळ त्यांच्या श्रमाची खूण होती. आपल्याकडे शेतात राबणाऱ्या गड्याच्या भाकऱ्या मोजल्या तर याहून वेगळे काय दिसेल? याच पाहणीत धान्यातला कोंडा म्हणजे चोथा जास्त खाणाऱ्यांनाही विकार कमी दिसला. त्याचा उलगडा मात्र आपल्याला करता येत नाही, असे लेखकांनी स्पष्टपणे लिहिले. फक्त ४५ रुग्णांवर आधारलेला निष्कर्ष किती ताणायचा याचे भान त्यांना होते.

आता आपल्या देशातील एक उदाहरण याच कसोटीवर घासून पाहू. मुंबईत पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेत असलेले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांतील हृदयविकारावर एक लेख लिहिला. दक्षिण भारतीय कर्मचाऱ्यांत या विकाराने होणारे मृत्यू पंजाबकडील कर्मचाऱ्यांच्या सातपट होते. स्निग्ध पदार्थ, आणि तेही मुख्यतः दुधातुपातून आलेले, पंजाबी मात्र कितीतरी पटीने जास्त खात. तुपाने हृदयविकार होतो या समजाला हा लेख छेद देतो, म्हणून तुपाचे कैवारी आजही त्याचा दाखला देतात.

पण विजारीची कसोटी येथेही लावायला हवी. दोन प्रांतांतील माणसांत तूप सोडून काय काय वेगळे होते? मृत्यूचे कारण दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे लिहिले जात होते का? एकेका माणसाचे खाणे मोजले होते, की प्रांताची सरासरी घेतली होती? हा लेख तुपाला दोषी ठरवीत नाही हे खरे, पण त्याला निर्दोष ठरवण्याचे बळही त्यात नाही. आणि काळाने एक निराळाच शेरा मारला आहे. भारतातील राज्यवार रोगभाराचा २०१६ सालापुरता अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यांत केरळ आणि तमिळनाडू यांच्या पंगतीला पंजाबही बसला होता. महाराष्ट्र आणि गोवा लगेच त्यांच्या मागच्या रांगेत होते. पन्नास वर्षांत एवढी उलथापालथ होत असेल, तर तो फरक एका पदार्थाच्या माथी मारणे धाडसाचेच.

चिठ्ठ्या टाकून पाहिले तर?

शिक्षिकेच्या प्रश्नातच त्याचे उत्तर होते. कोणी काय करायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवले, तर स्थूल आणि सडपातळ, चिंताग्रस्त आणि निवांत अशी सगळी माणसे दोन्ही गटांत जवळपास सारखी वाटली जातात. मग उरलेला फरक उपायाचा. औषधांची परीक्षा अशीच होते. रक्तदाब उतरवणाऱ्या औषधांनी झटके कमी होतात हे अशा चाचण्यांतूनच सिद्ध झाले. राहणीमानाच्या बाबतीत हे अवघड असते, कारण वर्षानुवर्षे कोणाला जिना चढायला लावता येत नाही. तरी असे काही प्रयत्न झाले आहेत.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेली चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत, नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणे आणि आहारातील बदल यांकडे नीट लक्ष पुरवलेल्या गटात तो ३९ टक्क्यांना झाला. या फरकाविषयी आपण बरेच निःशंक असू शकतो. उलट अमेरिकेत मधुमेह असलेल्या ५,१४५ स्थूल लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत आहार आणि व्यायाम यांनी वजन उतरले, साखर सुधारली, पण साडेनऊ वर्षांनंतरही हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. चाचणी २०१२ साली थांबवावी लागली. दोन्ही निकाल खरे आहेत आणि दोन्ही सांगायला हवेत. चालल्याने मधुमेह लांबतो, म्हणून आधीच मधुमेह झालेल्याचा झटकाही टळेलच, असे आपोआप सिद्ध होत नाही.

यावर कोणी विचारील की मग व्यायाम करावा की नाही? जरूर करावा. बसगाड्या, टपाल खाते, सरकारी कचेऱ्या आणि त्यानंतर अनेक देशांत झालेल्या पाहण्या एकाच दिशेला बोट दाखवतात. व्यायामाने रक्तदाब उतरतो आणि पेशी साखर अधिक चांगल्या प्रकारे वापरतात, हे प्रत्यक्ष प्रयोगांत दिसते. वेगवेगळ्या दोषांच्या पाहण्या एकाच निष्कर्षाकडे जात असतील तर तो निष्कर्ष बळकट होतो. आमचा आक्षेप सल्ल्याला नाही. "हे केले की ते होणारच नाही" या हमीला आमचा आक्षेप आहे.

तक्ता कसा असावा?

हमी खोटी ठरते तेव्हा तिची किंमत आजारी माणूस मोजतो. झटका आलेल्याला आपण विचारतो, "चालायला जात नव्हता का? तेलकट खात होता का?" विचारणाऱ्याच्या मनात काळजी असेल, पण ऐकणाऱ्याच्या कानावर आरोप पडतो. वर्गातल्या तक्त्यावर एका बाजूला हसरा कंडक्टर आणि दुसऱ्या बाजूला छाती धरलेला ड्रायव्हर काढला, की वडील गमावलेला मुलगा त्यातून एकच गोष्ट वाचतो: आपल्या वडिलांचे काहीतरी चुकले.

म्हणून तक्ता करायचाच तर आमची सूचना अशी. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर ठिपके काढावेत. ड्रायव्हरांच्या बाजूला आठ ठिपके लाल, कंडक्टरांच्या बाजूला सहा. खाली गणवेशाची वही काढावी आणि मुलांना तीन प्रश्न लिहून द्यावेत. फरक शंभरात किती? तुलना केलेली माणसे आधीपासून सारखी होती का? रोगामुळेच राहणी बदलली असेल का? आहारावरची वर्तमानपत्रातली कोणतीही बातमी आणून हेच तीन प्रश्न तिला विचारायला लावावेत. तासाभरात मुले आमच्यासारख्या भाषणकर्त्यांना अडचणीत आणू लागतील, आणि आणावेच.

जेरी मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करीत आणि २००९ साली वयाच्या ९९ व्या वर्षी वारले. हे वाक्य वर्गात सांगितले की मुले हमखास म्हणतात, "बघा, व्यायामाचा फायदा!" अशा वेळी त्यांना थांबवावे. एका माणसाच्या आयुष्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि हे स्वतः मॉरिस यांनीच सर्वांत आधी सांगितले असते. त्या मुलाच्या वडिलांचेही तसेच आहे. शंभरांतल्या सहांपैकी ते एक होते. त्यांचे काय चुकले, हे कोणत्याही आकड्याला सांगता येत नाही. शिक्षिकेला तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर हेच. उशिरा का होईना, ते येथे देत आहोत.